रेघा जपायच्या

जून १९८६. मृगाची पहिली सर पडून गेली आहे आणि सातारा जिल्ह्यातल्या एका घराच्या ओसरीवर तुम्ही हातात कोळशाचा तुकडा घेऊन उभ्या आहात. या प्रवासात तुम्हाला नाव नाही, नातं आहे. तुम्ही या घरातली धाकटी जाऊ. समोर भिंतीला तोंड करून उभ्या आहेत त्या थोरल्या जाऊबाई, साऱ्या घराच्या आक्का. दीड महिन्यापूर्वी कर्करोगामुळे त्यांचा डावा स्तन काढला, काखेतल्या गाठीही काढल्या. टाके निघाले, जखम भरली, पण डावा हात अजून खांद्याच्या वर जायला तयार नाही.

"चढवा आक्का. आणखी एक बोट."

आक्कांची बोटं भिंतीवरून वर सरकतात, थांबत थांबत. काखेतली कातडी ताणली जाते, खालचा ओठ दातांत जातो. मधलं बोट जिथे अडतं तिथे तुम्ही कोळशाने आडवी रेघ मारता. कालच्या रेघेच्या वर, जेमतेम नखभर. मुंबईच्या डॉक्टरांनी कारण नीट समजावलं होतं. मशीनखाली हात डोक्यावर घेऊन, न हलता पडायचं असतं. हात वर गेला नाही, तर छातीच्या कडेला आणि काखेकडे किरण नेमके पोचवता येत नाहीत, मध्ये हातच येतो. हात वर जायला लागला की या, असं सांगून त्यांनी घरी पाठवलं होतं. त्यामुळे परळच्या त्या मोठ्या मशीनची अर्धी तयारी या सारवलेल्या ओसरीवर चालली आहे.

रात्री जेवणं झाल्यावर बोलणं निघतं. पाच आठवडे मुंबईत राहायचं, आठवड्याचे पाच दिवस रोज किरण घ्यायचे. पेरणी तोंडावर आलेली. थोरले दीर पोचवायला येतील, एक दिवस थांबून परत फिरतील आणि पेरणी उरकली की पुन्हा येतील. सोबत तुम्ही राहायचं. तुमची आणि आक्कांची मुलं सासूबाईंपाशी. सासूबाई बराच वेळ काही बोलत नाहीत, मग म्हणतात, "पालखी लोणंदला आली की तिथंच दर्शन घेईन. यंदा पुढं जात न्हाई." आणि शेंगा फोडायला घेतात. वर्षानुवर्षं न चुकलेली वारी त्यांनी एका वाक्यात बाजूला ठेवली.

एसटीत तुम्ही आक्कांच्या डाव्या अंगाला बसता, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्याचा धक्का आधी तुम्हाला लागेल. खंडाळ्याच्या घाटात ट्रकांची रांग लागलेली, गाडी तासभर जागची हलत नाही. आक्का उजव्या हाताने डावा मनगटापाशी धरतात आणि बसल्या जागी हळूहळू वर नेतात. मागच्या सीटवरचा माणूस बघत राहतो. बघू दे.

लालबागला उतरायचं ते दिरांच्या मावसभावाकडे. ते गिरणीत साचाखात्यात होते. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेला संप मिटल्याचं कुणी जाहीर केलंच नाही, आणि त्यांची गिरणी पुन्हा त्यांची झाली नाही. आता भाजीची गाडी लावतात. दहा बाय बाराच्या खोलीत पाच माणसं होती, त्यात तुम्ही दोघी. बापलेक वळकट्या उचलून गॅलरीत झोपायला जातात, तेही विचारावं लागायच्या आत. साताऱ्याच्या, कोकणातल्या किती रुग्णांचे उपचार गिरणगावातल्या असल्या खोल्यांमुळे पुरे झाले असतील, याचा हिशेब कुठल्याच दप्तरात सापडणार नाही. मला तो हिशेब औषधांच्या हिशेबाइतकाच मोलाचा वाटतो. रोज घरून येता येत नसेल, तर मशीन कितीही चांगलं असून त्या बाईला त्याचा काय उपयोग?

आज आखणीचा दिवस. तुम्ही परळला, टाटा रुग्णालयात. आक्का टेबलावर पडल्या आहेत, पाठीखाली तिरपी उशी, डावा हात डोक्यावर. ओसरीवरच्या भिंतीची कमाई इथे वसूल होते: हात जातो, थोडा थरथरतो, पण तिथे टिकतो. डॉक्टर बोटाने छातीच्या मधलं हाड चाचपतात, मग काखेखालची कड, आणि जांभळ्या शाईने रेघ ओढतात. एक उभी मधोमध, एक कडेला, वर गळ्याच्या हाडापाशी आडवी. मग शिशाची मऊ तार छातीवर दाबून बसवतात. तारेला छातीचा बाक येतो. तो बाक मोडू न देता तार उचलून आलेख-कागदावर ठेवतात आणि पेन्सिलीने गिरवतात. आक्कांच्या देहाचा एक आडवा छेद कागदावर उमटतो. त्याच्यावर फिजिसिस्ट पारदर्शक नकाशे सरकवत बसतो. किरण या कडेने आत शिरले तर कुठे किती पोचतील, फुप्फुसाचा किती भाग सापडेल, सगळं हाताने, पट्टी आणि पेन्सिलीने.

निघताना सिस्टर तुम्हाला बाजूला घेतात. आक्कांना नाही, तुम्हाला. "या रेघा पाच आठवडे टिकल्या पाहिजेत. त्या जागी पाणी नाही, साबण नाही, पावडर नाही, तेल-हळद काही नाही. रेघ पुसट झाली तर इथे दाखवा. घरी पेनाने गिरवू नका. एक बोट चुकलं तर किरण एक बोट चुकतात."

हे काम आता तुमचं.

पहिल्या उपचाराचा नंबर लागायला अजून वेळ आहे. बाकावर बसल्या बसल्या आणखी मागे जाऊन येऊ.

जानेवारी १८९६, शिकागो. राँटगेनला क्ष-किरण दिसले ते ८ नोव्हेंबर १८९५ ला, म्हणजे हा शोध अजून तीन महिन्यांचाही नाही. काचेच्या निर्वात नळ्या बनवणारा एमिल ग्रुबे हा तरुण वैद्यकाचा विद्यार्थीही आहे. त्याच्या कारखान्यात रोझ ली नावाची स्तनाचा कर्करोग झालेली बाई येते. चहाच्या पेट्यांतला शिशाचा पत्रा तो तिच्या गाठीभोवती लावतो, म्हणजे बाकीच्या अंगावर किरण पडू नयेत, आणि नळी पेटवतो. ही तारीख तो २९ जानेवारी सांगतो, पण ही हकीकत त्याने लिहिली ती पुष्कळ वर्षांनी, म्हणून इतिहासकार तिच्याकडे जरा सावधपणे बघतात. त्या बाईला डॉक्टरांनी पाठवलं होतं हे त्या हकिकतीत येतं. तिला हाताला धरून कोण घेऊन आलं, ते येत नाही. मला नेमकं तेच हवं होतं.

पुढे १९२० चं दशक, पॅरिस, रेडियमची संस्था. क्लोद रेगो मेंढ्यांवर प्रयोग करतो आहे. मेंढ्याच्या वृषणावर एकदम मोठा मारा केला तर त्याला वंध्यत्व येण्याआधी कातडी जळते. तोच मारा तुकड्या-तुकड्यांनी, दिवसांचं अंतर ठेवून दिला तर परिणाम साधतो आणि कातडी वाचते. त्याचा सहकारी आंरी कुतार हेच गळ्याच्या कर्करोगाला लावतो. निरोगी पेशी मधल्या वेळात स्वतःला सावरतात, रोगट पेशींना ते तितकंसं जमत नाही. आक्कांना पाच आठवडे का थांबायचं, याचं उत्तर इथे आहे. उपचाराचे तुकडे पाडले आणि माणसं वाचू लागली. त्याच दिवसापासून प्रत्येक तुकड्यासाठी रुग्णाला आणणारं, नेणारं कुणीतरी लागू लागलं.

आणि २८ फेब्रुवारी १९४१, हेच परळ. नव्या रुग्णालयाचं उद्घाटन मुंबईचे गव्हर्नर सर रॉजर लमली करतायत. या इमारतीच्या मुळाशी एका नवऱ्याचं दुःख आहे. मेहरबाई टाटा १९३१ मध्ये वेल्समध्ये रक्ताच्या कर्करोगाने गेल्या, पाठोपाठ पुढच्याच वर्षी त्यांचे पती दोराबजी. दोराबजींच्या नावाच्या विश्वस्त निधीतून हे उभं राहिलं. ज्यांना विलायतेतले डॉक्टर गाठता येत होते त्यांचंही माणूस वाचलं नव्हतं. म्हणून मला वाटतं, या इमारतीचा पाया सोबत करणाऱ्याने घातला आहे.

"चला, नंबर आला."

पुन्हा १९८६. आक्का दारापाशी थांबतात. गळ्यातलं काढायचं आहे, मंगळसूत्र नेमकं आखलेल्या भागावर येतं. लग्नाला पंधरा वर्षं झाली, बाळंतपणातसुद्धा उतरवलेलं नाही. त्या क्षणभर तुमच्याकडे बघतात, मान खाली घालतात आणि तुम्ही मागून फासा काढता. ते पदराच्या टोकात बांधून गाठ कमरेला खोचता. "माझ्यापाशी हाय," एवढंच म्हणता. उद्यापासून त्या दाराशी आल्या की न सांगता मान खाली करतील.

कोबाल्टचं मशीन जाड काँक्रीटच्या खोलीत असतं. तंत्रज्ञ रेघांवर प्रकाशाची चौकट बसवतात, खोलीबाहेर येतात, जड दार ओढून घेतात. लाल दिवा लागतो. आत आक्का एकट्याच. दोन-तीन मिनिटं, बस्स. बाकावर तुमच्या शेजारची बाई सांगते की तिला कालपरवापेक्षा किंचित जास्त वेळ ठेवलं. तो भासच असावा, एक-दोन दिवसांचा फरक लक्षात येण्याएवढा नसतो. खरं एवढंच: कोबाल्ट-६० सवापाच वर्षांत निम्मा होतो, तो जसा म्हातारा होतो तशी मिनिटं वाढवावी लागतात. आक्कांना अशा पंचवीस दिवसांत मिळून, तेव्हाच्या भाषेत, सुमारे ५००० रॅड द्यायचे आहेत.

बाहेर येताना त्या म्हणतात, "काहीच कळलं न्हाई गं. नुसतं पडून ऱ्हायलं."

त्या रात्री खोलीत वेगळाच ताण आहे. मावसभावाची चार वर्षांची पोर आक्कांच्या कुशीत झोपायला बघते आणि तिची आई तिला ओढून घेते. आक्का भिंतीकडे तोंड करतात. लालबागच्या वहिनी वाईट नाहीत. त्यांनी आपली खोली दिली आहे. त्यांना भीती वाटते की अंगात गेलेले किरण पोरीला बाधतील. गॅलरीत कुणीतरी तसं बोललेलं असतं. दुसऱ्या दिवशी तुम्ही डॉक्टरांना विचारता. डॉक्टर म्हणतात, "मशीन बंद झालं की किरण संपले. यांच्या अंगात काही उरत नाही. पोरांना खुशाल जवळ घ्या, एका ताटात जेवा." तुम्ही लालबागच्या वहिनींनाच एक दिवस सोबत घेऊन जाता आणि डॉक्टरांना पुन्हा विचारायला लावता. घरी आल्यावर वहिनी स्वतः पोरीला उचलून आक्कांच्या मांडीवर ठेवतात.

मग रोजचं सुरू होतं. पहाटे नळाला पाणी आलं की मोरीत तुम्ही आक्कांना अंघोळ घालता: कमरेखाली तांब्याने, उजव्या अंगाला ओल्या फडक्याने, डाव्या छातीला हात नाही. ब्लाउज जुन्या मऊ मलमलीचा, पुढून गुंड्यांचा, डावी बाही उसवून सैल केलेली. त्यावर जांभळे डाग पडतात, ते जात नाहीत. पावसात गॅलरीतले कपडे दोन-दोन दिवस वाळत नाहीत आणि दमट कापड कातडीला घासतं. वहिनी स्टोव्हवर तवा पालथा घालून त्याच्या उबेवर ब्लाउज वाळवतात, उलटसुलट करून, शिवणीसकट. तिसऱ्या आठवड्यात डाव्या छातीची कातडी काळवंडते, काखेत सोलवटते. शेजारपाजारचे एरंडेल, लोणी, हळदीचा लेप सुचवतात. तुम्ही हात जोडता आणि काहीही लावू देत नाही. आक्का दुपारी जेवता जेवता पेंगतात, तेव्हा त्यांच्या पुढचं ताट हलकेच सरकवून त्यांना आडवं करता.

इथे एक गोष्ट तुम्हाला ठाऊक आहे, जी त्या खोलीत कुणालाच ठाऊक नाही. तुम्ही पुढून आला आहात. डाव्या छातीच्या बरगड्यांमागे हृदय असतं, आणि शिशाच्या तारेवरून आखलेल्या त्या कागदावर हृदयाचा हिशेब पुरता मांडता येत नव्हता. पुढच्याच वर्षी, १९८७ मध्ये, जुन्या चाचण्यांचा एकत्र अभ्यास छापून येईल आणि किरण घेतलेल्या बायकांत दहा वर्षांनंतरचे मृत्यू जास्त का, हा प्रश्न उभा राहील. २०१३ मध्ये स्वीडन आणि डेन्मार्कमधल्या बायकांच्या नोंदी दाखवतील की हृदयाला पोचणाऱ्या प्रत्येक ग्रेमागे (ग्रे म्हणजे किरणांची मात्रा मोजायचं आजचं एकक) हृदयविकाराचा धोका सुमारे ७.४ टक्क्यांनी वाढतो. फिजिसिस्टच्या खांद्यावरून वाकून काही सांगावंसं वाटतं, पण सांगून उपयोग नाही, हृदयाला वाचवणारं तंत्र अजून इथे हाताशी नाही. दुसरंही तितकंच खरं आहे: काखेतल्या गाठींपर्यंत रोग पोचलेल्या बायकांत शस्त्रक्रियेनंतरचे किरण रोग परत येणं कमी करतात आणि जीवही वाचवतात. आक्कांनी पाच आठवडे पुरे केले पाहिजेत. म्हणून तुम्ही गप्प राहता आणि पदराची गाठ पुन्हा तपासता.

शेवटच्या आठवड्यात थोरले दीर पेरणी उरकून येतात. पिशवीत सासूबाईंनी दिलेले शेंगदाण्याचे लाडू आणि लोणंदहून आणलेला बुक्का.

आता पुढे, आजच्या दिवसात. नातंही बदला. आता तुम्ही नवरा आहात. अशाच एका आक्कांची नात म्हणता येईल अशी तुमची बायको, हिच्याही डाव्या बाजूला गाठ होती, पण स्तन काढावा लागला नाही, नुसती गाठ काढली. मिलानमध्ये उंबेर्तो व्हेरोनेसी आणि अमेरिकेत बर्नार्ड फिशर यांनी १९७० च्या दशकात सुरू केलेल्या चाचण्यांनी हे शक्य केलं: लहान गाठ असेल तर ती काढून किरण दिले की संपूर्ण स्तन काढल्याइतक्याच बायका जगतात. मुंबई गाठायचीही अनेकांना गरज उरलेली नाही, कराड, कोल्हापूर, नाशिककडे मशीन आहेत. ज्यांना मुंबईच गाठावी लागते त्यांच्यासाठी दादरला गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा आहे, परळला नाना पालकर स्मृती समितीचं रुग्णसेवा सदन आहे. लालबागच्या खोलीचं काम आता त्या करतात, आणि तिथली रांग बघितली की आणखी किती जागा लागतील ते कळतं.

दिवाणावर बायको पडली आहे, दोन्ही हात डोक्यावर. हात वर जायचा व्यायाम अजून सुटलेला नाही, तो हिनेही महिनाभर केला. आता तुमच्या हातात मोबाईल आहे.

"घे श्वास. भर. अजून भर. धर."

पंधरा, सोळा, सतरा. अठराला तिचा चेहरा लाल होतो आणि ती फुस्सकन सोडते. पुन्हा. मोठा श्वास छातीत भरून धरला की फुप्फुस फुगतं आणि हृदय छातीच्या भिंतीपासून मागे, खाली सरकतं. तेवढ्याच सेकंदांत मशीन किरण सोडतं, श्वास सुटला की थांबतं. तिथे वीसेक सेकंद धरता आला पाहिजे. डाव्या बाजूच्या उपचारात ही सोय आहे का, हे तुम्ही पहिल्याच भेटीत विचारलं होतं. प्रत्येकाने विचारावं. सगळीकडे ती नसते, आणि काहींना शरीररचनेमुळे लागतही नाही.

आखणीच्या दिवशी तिरप्या फळीवर निजवून, श्वास धरायला लावून सीटी स्कॅन होतो. शिशाच्या तारेचं काम आता संगणक शेकडो छेदांवर करतो. जांभळ्या रेघांच्या जागी सुईने टोचलेले मोहरीएवढे ठिपके. ते पुसत नाहीत, अंघोळ करता येते. मोरीतली ती कसरत संपली.

आणि दिवस कमी झाले. ब्रिटनमधल्या चाचण्यांनी दाखवलं की पाच आठवड्यांच्या जागी तीन आठवड्यांत, पंधरा वेळा मिळून ४० ग्रे दिले तरी चालतं. एप्रिल २०२० मध्ये, ऐन टाळेबंदीत, चार हजारांवर रुग्णांच्या चाचणीचे पाच वर्षांचे निष्कर्ष आले: निवडक रुग्णांत २६ ग्रे, फक्त पाच वेळा, एका आठवड्यात. सगळ्यांना ते लागू नाही, काखेचा उपचार, जादा डोस, गाठीचा प्रकार यांवर डॉक्टर ठरवतात. पण किरणोपचारातल्या साऱ्या सुधारणांत मला ही सगळ्यांत मोठी वाटते. यंत्र तेच राहिलं आणि घरातल्या माणसांचे चार आठवडे परत मिळाले. सासूबाईंची वारी चुकली नसती.

तुम्हाला पाच दिवसांचा उपचार सांगितला आहे. तुम्ही तेवढीच रजा टाकायला निघालात तेव्हा सिस्टर थांबवतात. कातडीचा दाह आणि थकवा बहुतेकदा शेवटच्या दिवसानंतरच्या एक-दोन आठवड्यांत जास्त जाणवतो, तेव्हा घरी कोण असेल? याचा विचार केलेलाच नव्हता. दोन सैल सुती कुर्ते पुढून उघडणारे, साधं बिनवासाचं मलम, दुपारची झोप आणि डबा: यादी बनते, आणि रजेचे दिवस दोन भागांत वाटले जातात.

स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर पाच चौकोन आहेत. सोमवार, मंगळवार तुम्ही. बुधवारी तिचा भाऊ. शुक्रवारी शेजारच्या काकू, त्यांनी आपणहून सांगितलंय. गुरुवार मोकळा. तुम्ही भाच्याला फोन लावता.

"गुरुवारी मामीला न्यायचंय. जमेल?"

"जमेल की. किती वाजता निघायचं?"

"पावणेआठला. आणि ऐक, तिच्या डाव्या बाजूने चाल."

"का?"

"गर्दी असते. धक्का लागायला नको."

"बरं. साडेसातलाच येतो."